निफाडचे पोहे, गोबरगॅस आणि नानांची अणुवीज

निफाडला जायचं तर द्राक्षांच्या दिवसांत जा, आणि वडिलांना सोबत नेऊ नका. ऐंशीच्या दशकात मी नानांना नेलं होतं. मुलगी बघायला निघालेलो, त्यामुळे त्यांना इंदिरानगरला घरी ठेवायची सोय नव्हती.

शहरातल्या द्वारका चौकात एसटी पकडली. सरकारने सगळा पैसा अणुविजेत घालावा, हे नाना शेजारच्या अनोळखी माणसाला पटवत होते. "शेणाच्या गॅसला अनुदान देतात! देश काय शेणावर चालणार?" तो माणूस चांदोरीला उतरला. त्याला खरं तर पुढे जायचं असावं.

निफाडपासून मुलीकडच्यांचा मळा पायी गाठला. धूळ भरपूर, पण दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, त्यामुळे चालणं जड जात नाही. गेल्या गेल्या द्राक्षं आली. नानांनी दोन घड संपवले. मग सुनंदा पोहे घेऊन आली आणि मला ती बघताक्षणी आवडली.

तेवढ्यात तिचे वडील कौतुकाने म्हणाले, "साहेब, पोहे गोबरगॅसवरचे हायेत बरं. संडास जोडला तर सरकार जास्ती अनुदान देतं, म्हनून तोबी जोडला. लय गॅस येतो!"

नानांचा घास हातातच राहिला. बशी खाली गेली. बघायला गेलेल्या घरचं खाणं टाकलं की नकार वेगळा कळवावा लागत नाही. तिच्या वडिलांचा चेहरा उतरला.

"यापेक्षा अणुवीज बरी," नाना पुटपुटले.

"काका, अणुभट्टीचा कचरा कुठे टाकतात?" सुनंदाने विचारलं.

"बंद पेटीत ठेवतात."

"आमचा खत म्हणून बागेत जातो. त्याचीच द्राक्षं खाल्लीत आत्ता."

"आमच्या कचऱ्याला वास तरी नसतो!"

"म्हणूनच गळला तरी कळत नाही."

पोहे बशीतच राहिले. परतीच्या एसटीत मी रागाने त्यांच्यापासून लांब, मागच्या सीटवर बसलो.

घरी आईने विचारलं, "काय झालं?"

"नानांनी पोहे टाकले," मी म्हणालो.

"वाद अर्धवट राहिलाय," नाना चप्पल काढत म्हणाले. "होकार कळव."

तो वाद आमच्या स्वयंपाकघरात पुढे कित्येक वर्षं चालला. नाना गेल्यावर एकदा सुनंदा म्हणाली, "अणुविजेचं त्यांचं थोडं पटायचं मला."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं, तर रोज येऊन बसले असते का?"