बुजगावण्याच्या अंगावरचा कोट

मारिगोची गाय नव्या घरात राहायची आणि मारिगो गाईच्या गोठ्यात. हे कोणी बसून ठरवलेलं नव्हतं. थानासला, म्हणजे मारिगोच्या नवऱ्याला, नवं घर बांधायची घाई झाली, म्हणून त्याने आधी जुनं पाडलं. जुनं उभं असलं की हात चालत नाही, असं त्याचं म्हणणं. घर पाडून झाल्यावर त्याने बायकोला गोठ्यात आणलं आणि म्हणाला, "ईस्टरपर्यंत." कुठला ईस्टर ते तो बोलला नाही आणि मारिगोनेही विचारलं नाही. तिथेच तिची चूक झाली.

त्या वर्षी नोव्हेंबरात नव्या घराचा पहिला स्लॅब टाकून झाला. डोक्यावर छप्पर असलेली जागा अंगणात तेवढीच, म्हणून पाऊस लागल्यावर गाय आपल्या पायांनी तिथे गेली. पाहुण्यांच्या बैठकीसाठी आखलेल्या खोलीत, वारा लागत नाही असा कोपरा धरून बसली ती बसलीच. खोलीला दार नव्हतं, खिडक्यांच्या जागी भोकं होती. संध्याकाळी त्या भोकातून डोकं बाहेर काढून ती समोर गोठ्यात चाललेला टीव्ही बघायची. फियेर शहराच्या रस्त्याने जाणारे लोक हॉर्न वाजवायचे. कोणासाठी वाजवायचे ते कळायचं नाही.

गोठ्यातला संसार तसा वाईट नव्हता. गव्हाणीत कांदे राहायचे, गव्हाणीच्या फळीवर टीव्ही. चूल बाहेर पत्र्याखाली. छताचं आडं इतकं खाली होतं, की थानास रोज सकाळी उठला की त्याचं कपाळ त्यावर आपटायचं आणि रोज तो त्याच एका संताला शिव्या घालायचा. मारिगोने आड्याला गोधडीचा तुकडा बांधला, तर तो तुकड्यावर आपटून शिव्या घालायला लागला. पुढे पुढे तो गोठ्याच्या बाहेरही मान वाकवूनच चालायचा, देवळात शिरताना तर फारच. लोकांना वाटलं, म्हातारा वयाबरोबर देवभोळा झाला.

चांगलं म्हणून जे होतं, ते नव्या घरासाठी पेटीत ठेवलेलं. लग्नातली निळ्या काठाची ताटं पेंढ्यात गुंडाळून ठेवलेली, विणलेल्या चादरी, पाय असलेले राकीच्या दारूचे पेले, सगळं पेटीत. जेवण अॅल्युमिनियमच्या थाळ्यांत. भांडणंसुद्धा राखून ठेवलेली. थानासचा आवाज चढला की मारिगो म्हणायची, "हे नव्या घरात भांडू. इथे हात हलवायला जागा नाही."

त्यांचा एकुलता एक मुलगा लेफ्तेर परदेशात, सालोनिकात, खिडक्या बनवायच्या कारखान्यात होता. त्याने स्वतःच्या हाताने सगळ्या घराच्या खिडक्या केल्या, एक जाड दार केलं आणि ट्रकमध्ये घालून पाठवून दिलं. फोनवर म्हणाला, "बाबा, आता एवढं बसवून घ्या. आई थंडीत नको."

"बसवतो," थानास म्हणाला आणि सगळं अंजिराच्या झाडाखाली प्लास्टिकात गुंडाळून उभं केलं. दोन हिवाळे ते तिथेच. कोंबड्या त्याच्या मागे अंडी घालायला लागल्या.

"खिडक्या म्हणजे काय," थानास सांगायचा, "भोकं बुजवणं. भोकं कुठे पळून जात नाहीत. आधी वर जायचं."

वर जायचं, कारण रस्त्यापलीकडचा क्रिस्ताक वर गेला होता. त्याच्या घराला खाली एक आणि वर दोन मजले होते आणि गच्चीच्या खांबांतून सळया आणखी वर आभाळात निघालेल्या होत्या. थानासचा वर एकच, म्हणजे खालचा धरून दुसरा, मजला झालेला. रोज सकाळी कपाळ चोळत तो आधी तिकडे बघायचा.

"दुसऱ्या मजल्यावर कोण राहणार?" मारिगोने एकदा मिरच्या ओवता ओवता विचारलं.

"लेफ्तेर."

"लेफ्तेर सालोनिकात राहतो."

"मग त्याची मुलं."

"त्याला मुलं नाहीत."

"होतील."

"आणि त्याच्या वर?"

"त्यांची मुलं," थानास म्हणाला. मारिगोने बादली उचलली आणि दूध काढायला गेली. जे अजून जन्मलेही नव्हते त्यांच्यासाठी खोल्या होत्या, आणि जी बसून मिरच्या ओवत होती तिच्यासाठी गव्हाण.

मागच्या हिवाळ्यात शेतातला कालवा फुटला आणि पाणी गोठ्यात आलं. मारिगोने गुडघाभर रबरी बुटांत उभं राहून महिनाभर स्वयंपाक केला. तेव्हापासून तिचा गुडघा धरला तो सुटला नाही. या सप्टेंबरात तिने एकदाच, काही आवाज न चढवता सांगितलं, "थानास, ऑक्टोबर सरता सरता संत दिमित्रीच्या सणाला मी एक तर त्या घरात झोपेन, नाही तर बेरातला बहिणीकडे. बहिणीकडे गेले तर परत यायचं विसरेन. मग तू आहेस आणि तुझी गाय आहे." आणि एक गाठोडं बांधून पेटीवर ठेवलं. थानास त्या गाठोड्याला वळसा घालून जायला शिकला. पुढच्या आठवड्यात तिसऱ्या मजल्याच्या सळया येऊन अंगणात पडल्या.

आता बुजगावण्याचं. बांधत असलेल्या घराला दृष्ट लागते, म्हणून आमच्याकडे प्रत्येक अर्धवट घरावर काही ना काही टांगलेलं असतं. कोणी बाहुली टांगतं, कोणी कापसाचं अस्वल, कोणी पेंढ्याचं माणूस. घर पुरं झालं की ते खाली येतं, आणि ते खाली आलं की लोक कॉफी-साखर घेऊन शुभेच्छा द्यायला येतात. क्रिस्ताकच्या सळईला पोराच्या फुटबॉलचा सदरा घातलेलं अस्वल होतं. ते बघून थानास म्हणाला होता, "आपलं असं भिकारी नको. घरधन्यासारखं दिसू दे." आणि फियेरला सिमेंट आणायला गेला. मारिगोने पेंढ्याचं माणूस केलं, डोक्याच्या जागी दुधी भोपळा लावला आणि त्याच्या अंगात थानासचा एकुलता एक काळा कोट घातला. घरधनी दिसायला हवा होता ना. थानास परत आला, खालून बघितलं, आणि त्याला तो इतका आवडला की कोट परत मागायचं राहून गेलं. लोक रस्त्यावरून बुजगावण्याला हात करायचे आणि थानास खालून उत्तर द्यायचा. दर वर्षी कापणीनंतर मारिगो त्यात नवा पेंढा भरायची.

ऑक्टोबरात थानासच्या बहिणीच्या मुलाचं व्लोरात लग्न निघालं. मामाशिवाय लग्न कसं व्हायचं, आणि कोटाशिवाय मामा कसा जायचा. मारिगोला जाता येणार नव्हतं, गाय कोण दोहणार? शनिवारी सकाळी थानास शिडीखाली उभा राहून वर बघत होता.

"दुसरं काही घाल त्याला," तो म्हणाला.

"काय घालू? तुझा स्वेटर तुझ्या अंगात आहे. माझा झगा घातला तर लोक म्हणतील घरात बाईचं राज्य आहे."

"मग मी तसाच उतरवतो. परवा परत आलो की लगेच टांगतो. दोन दिवसांत कोणाची दृष्ट लागते?" तो वर चढला, बुजगावण्याला कवेत घेऊन एक एक पायरी उतरला, जसं कोणी दारू प्यालेल्या भावाला घरी आणतं. कोट काढला, झटकला. उन्हाची बाजू पावसाउन्हाने पिवळी पडली होती आणि दुसरी बाजू काळी होती. थानासने तो घालून आरशात एका बाजूने बघितलं, काळ्या बाजूने, आणि त्याचं समाधान झालं.

"कोणाला काही बोलू नकोस," बसमध्ये चढताना त्याने बजावलं.

"मी कोणाला काय बोलणार," मारिगो म्हणाली. आणि खरंच, ती कोणाला काही बोलली नाही.

कॉफीचं पाणी उकळतंय न उकळतंय तोच क्रिस्ताकची बायको सोफिका फाटकातून आत आली. हातात कॉफीचं पाकीट, साखर आणि एक नवा टॉवेल.

"मारिगो, सुखाने नांदा गं बाई. सकाळी उठून बघते तर बुजगावणं खाली. घर पुरं केलंत आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही."

मारिगोने सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात बैठकीच्या भोकातून गाईने डोकं बाहेर काढलं आणि दोघींकडे बघत रवंथ करायला लागली. मारिगोने तोंड मिटलं.

"ये," ती म्हणाली. "कॉफी ठेवलीय."

"कुठे बसायचं?"

"घरात. आणखी कुठे?"

सोफिकाने गाईकडे बघितलं, मग अंजिराखालच्या खिडक्यांकडे, मग गोठ्याच्या दारातून दिसणाऱ्या पेटीवरच्या गाठोड्याकडे. ती काही कालची पोर नव्हती. तिने बाह्या वर केल्या. मारिगो दोरी धरून पुढून ओढायला लागली आणि सोफिका मागून ढकलायला. गाय ढिम्म. तिला ती खोली आवडली होती. इतकी वर्षं राहिल्यावर कोणालाही आवडतेच.

"आमच्याकडे वर दोन मजले आहेत," सोफिका धापा टाकत म्हणाली. "माहितीय वर काय आहे? बटाटे. एकावर बटाटे, दुसऱ्यावर काहीच नाही. क्रिस्ताक रविवारी चढून जातो आणि काहीच नाही ते बघून येतो."

गाय शेवटी निघाली आणि आपल्या जुन्या गोठ्यात जाऊन उभी राहिली. दोघींनी शेण काढलं, फरशी चुन्याच्या पाण्याने घासली. एवढ्यात उस्ता रापो, घर बांधणारा गवंडी, सळयांचं बघायला सायकलवरून आला. वर बघितलं आणि पाय टेकून थांबला.

"घर पुरं झालं? मला न विचारता?"

"थानासनेच उतरवलं," मारिगो म्हणाली. "स्वतःच्या हाताने. शिडी मी धरली होती."

यात एक शब्दही खोटा नव्हता. उस्ताने सोफिकाकडे बघितलं. सोफिका साखर मोजत होती.

"म्हणजे तिसरा मजला नाही," उस्ता म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं. दोन वर्षं तो थानासला सांगत होता, की असं आभाळाकडे बांधत राहायला हा काही चर्चच्या घंटेचा मनोरा नाही. "खिडक्या कुठे आहेत?"

"अंजिराखाली. कोंबड्यांना जरा हळू उठव."

उस्ताने भावाला बोलावलं. संध्याकाळपर्यंत बैठकीला आणि स्वयंपाकघराला खिडक्या बसल्या, दार बसलं, गोठ्यातली पेटी, खाट आणि लोखंडी चूल आत आली आणि तिचं धुराडं भिंतीतून बाहेर निघालं. भिंतींना गिलावा नव्हता, पण भिंती होत्या. मारिगोने पेटीतली चादर काढून खाटेवर घातली आणि त्या रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपली. गाठोडं मात्र परत पेटीवर ठेवलं. थानास अजून यायचा होता.

रविवारी अर्धं गाव येऊन गेलं. प्रत्येकाने बसून कॉफी घेतली, "सुखाने नांदा" म्हटलं, भिंतीवर हात ठेवून बघितला. दुपारी धर्मगुरूंनी येऊन तीर्थ शिंपडलं आणि भोपळा भरून भाजलेला ब्युरेक दोनदा मागून घेतला.

सोमवारी तिसऱ्या प्रहरी थानास बसमधून उतरला. लग्नात कोणीतरी त्याला विचारलं होतं, की दोन कोट शिवून घेतलेस की एक, तेव्हापासून तो जरा कावलेलाच होता. मान वर केली. खिडक्यांत काचा चमकत होत्या. धुराड्यातून धूर. गच्चीवर त्याच्या सळयांना दोऱ्या बांधून लाल मिरच्यांच्या माळा वाळत घातलेल्या. अंगणात माणसं.

तो फाटकातून आत आला तसा पहिला क्रिस्ताकच पुढे झाला. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला.

"सुखाने नांदा, थानास. छुपा रुस्तम निघालास. माझं अजून चाललंच आहे, आणि तू पुरं करून बसलास." मग हळूच म्हणाला, "कालपासून सोफिका माझ्याशी बोलत नाही. एवढंच विचारते, आपलं अस्वल कधी उतरणार?"

थानासने कपाळ चोळलं. त्याने क्रिस्ताककडे बघितलं, मग दारात कॉफीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या मारिगोकडे. घर पुरं झालेलं नाही म्हणून सांगायचं, म्हणजे अर्ध्या गावाच्या शुभेच्छा आणि धर्मगुरूंचं तीर्थ माघारी लावायचं. आमच्या गावात असा माणूस अजून झालेला नाही. थानास बराच वेळ कोटाच्या काळ्या बाजूचं बटण लावत राहिला.

"तुमच्याही घरी असंच होवो," तो शेवटी म्हणाला. आणि क्रिस्ताकचा चेहरा उतरलेला बघून त्याला जरा बरंही वाटलं, हे त्याने पुढे कधी कबूल केलं नाही.

दिवेलागणीला लोक गेले. थानास दारातून आत शिरताना मान वाकवून शिरला.

"सरळ चाल," मारिगो म्हणाली. "इथे आडं नाही."

तो सरळ झाला. मग कोट काढून तिच्यापुढे धरला. "बुजगावणं कुठे आहे? उद्या सकाळी टांगतो. बघू लोक काय म्हणतात ते."

"गोठ्यात होतं."

"होतं?"

"गाईने खाल्लं. या वर्षीचा पेंढा चांगला होता. भोपळा तेवढा ठेवलाय."

थानास खिडकीशी गेला. बाहेर गाय काचेला नाक लावून आत बघत होती आणि काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. दोघंही एकमेकांकडे बघत राहिली.

"मारिगो, हे मी विसरणार नाही," तो तिकडे तोंड करूनच म्हणाला.

"विसरू नकोस. बस." तिने पेटीवरचं गाठोडं उतरवून कोपऱ्यात ठेवलं, पेटी उघडली आणि पेंढा झटकून निळ्या काठाचं ताट त्याच्यापुढे मांडलं. "चांगलं भांडू. आता जागा आहे."

थानासने खोलीभर नजर फिरवली. हात पसरून बघितले, दोन्ही बाजूंना भरपूर जागा होती. मग ताटाकडे बघितलं.

"आधी जेवू," तो म्हणाला.