बॉनेटमधलं गाठोडं

बिदरजवळच्या नौबादला माझ्या गॅरेजात मी एकदा एका भल्या माणसावर आळ घेतला. मिस्त्री म्हणून माझा हात बरा होता, जीभ मात्र वाईट. ती अजूनही सुधारलेली नाही.

हळ्ळीखेडचे एक अण्णा डिझेलची जीप चालवायचे. गावातल्या बाळंतिणींना, आजाऱ्यांना बिदरच्या दवाखान्यात आणायला तेवढी एकच गाडी. दसऱ्यानंतर फिटनेसच्या तपासणीत ती नापास झाली. तेव्हा धूर मोजायचं यंत्र कुठलं? आरटीओचे साहेब सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरायचे आणि रेस द्यायला सांगायचे. अण्णांच्या जीपने तो बुक्क्यासारखा काळा केला. तीन दिवसांनी पुन्हा दाखवा, तोवर गाडी चालवायची नाही, असं साहेबांनी बजावलं.

मी नोझल साफ केले, पंप तपासला. धूर हटेना. निळा असता तर ऑईल जळतंय म्हटलं असतं, हा काळाकुट्ट. माझं डोकं फिरलं. चार गिऱ्हाइकांसमोर मी अण्णांना विचारलं, "डिझेलात घासलेट घालायलाव व्हय?"

"न्हाई, मिस्त्री." एवढंच बोलून ते खाली बघत बसले. घासलेटने असा धूर होत नाही हे मलाही ठाऊक होतं. पण राग कुठेतरी काढायचा होता.

बॉनेटमध्ये नारळाचं एक गाठोडं होतं. खंडेनवमीला अण्णांच्या बायकोने गाडी पुजून लाल फडक्यात बांधलेलं. देवाची वस्तू म्हणून दोन दिवस मी त्याला धक्का न लावता, अंग चोरून काम करत होतो. तपासणीच्या सकाळी अण्णांना रेस द्यायला लावली आणि वाकून पाहिलं. दोरी सैल होऊन गाठोडं घसरलं होतं. इंजिन हवा ओढी तसं फडकं एअर क्लीनरच्या तोंडाला चिकटे. हवाच नाही, तर डिझेल जळणार कसं? मी चप्पल काढली, हात जोडले आणि ते बाजूला केलं. धूर विरळ झाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच गिऱ्हाइकांसमोर माफी मागायला हवी होती. पण त्या सकाळी ती गिऱ्हाइकं तिथे नव्हती. मी एकट्या अण्णांपुढेच माफी मागितली, त्यांनी आळ मनावर घेतला नव्हता. फक्त बायकोला हे सांगू नका म्हणाले. आदल्या वर्षी कडगंचीजवळ जीप उलटली, तेव्हापासून रोज ते घरी परतेपर्यंत बाई दारातून हलत नसत. आपल्याच नारळाने गाडी अडली हे कळलं तर त्या खचल्या असत्या.

गाठोडं मी सीटखाली बांधून दिलं. जीप पास झाली. नोझल खराब होता, असं घरी सांगायचं ठरलं.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांबरोबर बाई स्वतः गॅरेजात आल्या. हातात नवं लाल गाठोडं. ते त्यांनी माझ्यापुढे धरलं.

"अवंदा तुमीच बांधा, दादा. गाडीला दम घेता येईल असं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मी अण्णांकडे. मग चप्पल काढून मी दोन्ही हात पुढे केले.