दोष नळीचा नव्हता

२०१४ साली मी परदेशात, हॅमिल्टन शहरात होतो, तिथल्या 'ते रापा' नावाच्या भागातल्या एका कारखान्यात मशिन्सच्या मेंटेनन्सला. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ एकटेच राहायचे. शनिवारी ते मला आपल्याबरोबर नेमबाजीच्या रेंजवर न्यायचे. त्यांच्याकडे वडिलांची जुनी लष्करी रायफल होती. हरणांच्या शिकारीला रानात वागवायला सोपी पडावी म्हणून वडिलांनी तिची नळी कापून आखूड केली होती.

त्या हिवाळ्यात त्यांच्या गोळ्या भरकटायला लागल्या. पूर्वी पाचच्या पाच निशाणाच्या कागदावर मुठीएवढ्या जागेत बसायच्या. आता एखादी कागदालाही लागायची नाही.

"नळी म्हातारी झाली," ते म्हणायचे.

मी नळी उजेडाकडे धरून पाहिली. गोळीला फिरकी देणारा आतल्या खाचांचा पीळ बराच शाबूत होता. पण जिथे कापली होती तिथे, तोंडाशी, कड एका बाजूने झिजली होती. गोळी बाहेर पडताना शेवटची टेकते ती तिथेच. "एवढंच ना? होईल दुरुस्त," मी म्हणालो. त्यांना घाई नव्हती. मीच मागे लागून त्यांना बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. त्याने कड सरळ करून दिली.

पुढच्या शनिवारी त्यांनी आधी मला बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. मी नवखा, तरी पाचही गोळ्या मुठीखाली झाकल्या जातील अशा लागल्या.

"बघा, नळी ठणठणीत आहे!" मी ओरडलोच.

मग ते बसले. वाळूच्या पिशवीवर टेकवूनही नळीचं टोक थरथरत होतं. दोन गोळ्या कागदाबाहेर गेल्या. त्यांनी रायफल रिकामी करून बाजूला ठेवली.

"म्हणजे नळी नव्हती," ते म्हणाले.

त्यांना ते आधीच कळलं असावं. नळीवरचा संशय तेवढा त्यांनी जपून ठेवला होता आणि मी तोही काढून घेतला.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. उन्हाळ्यापर्यंत त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात. एका सकाळी म्हणाले, "मला पोलीस स्टेशनला सोड. रायफल देऊन टाकतो, मोडीत काढायला."

"मोडीत कशाला? कुणाला तरी द्या ना. आता छान लागते."

"म्हणूनच. दुसऱ्याच्या हातात मला ती बघवणार नाही."

काउंटरवर फॉर्म भरायचा होता. सही करताना पेन दोनदा हातातून पडलं. तिसऱ्यांदा मी त्यांचं मनगट धरलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सोड."

परतताना गाडीत मला माफी मागायची होती. घर येईपर्यंत मी नुसता वायपरकडे बघत गाडी चालवली. वर्षभरात त्यांच्या लेकीने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. मी एकदाच भेटायला गेलो, आणि तेव्हाही हवेबद्दलच बोललो.