फुलाखालचा ठिपका

खामगावच्या चांदीबाजारात जुनी नाणी पारखणारे कलीमभाई ‘कलकत्ता’ म्हणाले, की तो रुपया कलकत्त्याचाच. पंचम जॉर्जच्या रुपयावर खालच्या फुलाखाली बारीक ठिपका असला तर मुंबईची टाकसाळ, नसला तर कलकत्त्याची. काही सालांचा मुंबईचा रुपया क्वचितच निघतो, आणि त्यात मुकुटावरची नक्षी झिजलेली नसली तर शौकीन लोक वाटेल तेवढे मोजतात.

कलीमभाईंची एक सवय होती. दाखवायला आलेल्या प्रत्येक नाण्यावर कागद ठेवून ते पेन्सिल घासायचे आणि उमटलेला ठसा, खाली आणणाऱ्याचं नाव घालून, वहीत चिकटवायचे. मी शेजारी घड्याळं दुरुस्त करतो. या वहीवरून मी त्यांची पुष्कळ टर उडवली आहे.

वर्षभरापासून त्यांना नीट दिसत नव्हतं. चहा बशीबाहेर सांडायचा, पण ते मोतीबिंदूचं नाव काढू द्यायचे नाहीत. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसलो. त्याची आज लाज वाटते.

फाल्गुनात वडनेर भोलजीच्या सोजराबाई आल्या. नातीला पैंजण करायचे होते, चांदी थोडी कमी पडत होती. आईनं दिलेला एकुलता एक रुपया त्यांनी पुढे केला. किमती असेल तर ठेवते, नसेल तर पैंजणांत घालते, म्हणाल्या. कलीमभाईंनी कडेवरून, मुकुटावरून बोटं फिरवली. रुपया अगदी कोरा आहे म्हणाले. बोटांना झीज कळते, ठिपका कळला नाही. मग भिंग डोळ्याला लावून पाहिल्यासारखं केलं आणि सांगितलं, कलकत्ता आहे, खुशाल घाला. रुपया त्याच दुपारी सोनाराच्या मुशीत गेला.

महिन्याभराने कलीमभाईंची मुलगी अलीजा वही चाळत होती. सोजराबाईंच्या रुपयाच्या ठशाशी ती थबकली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. मी माझं भिंग लावलं. फुलाखाली ठिपका होता, स्वच्छ उमटलेला; सालही क्वचित निघणाऱ्यांपैकीच.

मी कलीमभाईंना म्हटलं, रुपया वितळला, आता बाईंना सांगून काय उपयोग? ते माझ्यावर असे खेकसले, की मी दुकान बंद करून मुकाट्यानं त्यांच्याबरोबर एसटीत बसलो.

सोजराबाईंनी ओसरीवर सतरंजी टाकली. कलीमभाईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. आत नातीचे पैंजण वाजत होते. बाईंनी वही जवळ ओढून ठसा पाहिला.

“तुमी म्हटलं म्हनून घातला मी,” त्या म्हणाल्या. “दिसत नाही, हे त्या दिवशीच काऊन नाही सांगतलं, कलीमभाऊ? मी तसाच घरी नेला असता.”



उठताना कलीमभाईंनी वहीतलं ते पान अलगद फाडून बाईंच्या हातात दिलं. सोजराबाई आत गेल्या, कुंकवाची जुनी डबी घेऊन आल्या. याच डबीत तो रुपया असायचा, म्हणाल्या. पानाची घडी करून त्यांनी ती तिच्यात घातली आणि झाकण लावलं.