कार्यालयापुढचे पाम

भूमला जाणारी एसटी मी रोज एका मंगल कार्यालयाच्या फाटकाशी धरतो. कार्यालयाच्या मालकांचं नाव मला माहीत नाही. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि गॉगल तेवढा पाठ आहे. आम्ही प्रवासी ज्याच्या सावलीत थांबायचो तो लिंब त्यांनी पाडला, कारण लग्नाच्या ड्रोन शूटिंगमध्ये तो गावंढळ दिसायचा. तिथं शोभेचे पाम लावले. रोज सकाळी ते पामाला खेटून उभे राहत आणि आपल्या खांद्याशी त्याची उंची ताडून बघत. युरिया झाला, टँकर झाला, तरी पाम आपल्याच चालीनं वाढत होते.

मालकांची घरची द्राक्षबाग. "शेंडा खुडला की येल कसा फुटतो बघा," म्हणत त्यांनी सगळ्या पामांचे शेंडे उडवले. पामाला एकच शेंडा असतो. तो गेला की झाड गेलं. रांगेनं नुसते खुंट उरले.

परवा त्यांची गाडी बंद पडली, तेव्हा तेही आमच्यात येऊन उभे राहिले. ऊन मी म्हणत होतं. घाम पुसत ते करवादले, "काय लोक हायत हितले! थांब्यावर एक झाड लावायची अक्कल न्हाय."

शेजारचे म्हातारबुवा शांतपणे म्हणाले, "व्हता की मालक, एक लिंब. कुण्या अडाण्यानं पाडला."