बरणीतली शार्क

श्रीगोंद्याजवळच्या एका वखारीत आई कांदा निवडायची. सुट्टी असली की मीही जायची. सडका वेगळा, बारक्या कांद्याची गोल्टी वेगळी. वडील नव्हते. हात कितीही चोळून धुतले तरी वास जायचा नाही, आणि एस.टी.त शेजारची बाई सरकून बसायची. अशा घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच.

आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत फॉर्मॅलिनच्या बरणीत शार्कची मादी होती, पोट उघडून ठेवलेली. सरांनी तिचं हृदय, आतडं, मेंदू हौसेनं दाखवलं. जननसंस्था आली तशी बरणी कपाटात गेली. "मुलींनी हे घरी वाचून घ्या."

घरी पुस्तक कुठलं? आईला सांगितलं तर म्हणाली, "माशाची कसली आलीय लाज? त्या मास्तरालाच इचार की." मी विचारलं नाही. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत अंदाजानं अंडाशयाला नळी जोडून आकृती काढली. बाहेरचे परीक्षक हसले. सर त्यांना म्हणाले, "खेड्यातल्या मुली हो. पाठांतरापुरत्याच."

माझा फर्स्ट क्लास त्या तोंडी परीक्षेत गेला. ते वाक्य मी मुद्दाम जपून ठेवलं. त्याच्याच जोरावर एम.एस्सी. केली, सेट काढली, प्राध्यापक झाले.

मग एका वर्षी त्याच प्रयोगशाळेत बाहेरची परीक्षक म्हणून गेले. सर निवृत्तीला आलेले.

"या मॅडम. चहा सांगू?"

"आधी ती बरणी काढा. शार्कची मादी."

"राहू द्या की. मुली बुजतात."

"मुली न्हाई बुजत सर. तुमी बुजता."

पहिल्या मुलीनं आकृतीत नळी अंडाशयालाच जोडून दाखवली. दुसरीनंही तेच केलं. इतक्या वर्षांनीही बरणी कपाटातच होती तर.

परीक्षेत शिकवायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी शार्क बरणीतून ट्रेमध्ये काढून सगळ्या मुलींना टेबलाभोवती बोलावलं. "ट्रे धरा, सर." त्यांनी धरला. मी घाई केली नाही.

"हे अंडाशय. नळी याला जोडलेली नसते. अंडं पोटाच्या पोकळीत सुटतं आणि पुढं यकृताजवळ या नरसाळ्यात शिरतं. दोन्ही नळ्यांना मिळून हे एकच तोंड. ही कवचग्रंथी. हा रुंद भाग गर्भाशय. यात प्रत्येक पिल्लाचा कप्पा वेगळा, आणि पिल्लू नाळेनं आईला जोडलेलं."

एक मुलगी म्हणाली, "म्हंजी आपल्यासारखंच की, मॅडम."

"नाळेपुरतं, हो. सर, तुम्हीही एकदा सांगा. मुलींना ऐकू जाईल असं."

त्यांनी सांगितलं. दोनदा अडखळले. मला बरं वाटलं, आजही वाटतं.

नंतर तोंडी परीक्षा पहिल्यापासून घेतली. त्या प्रश्नात एकाही मुलीचा मार्क गेला नाही.