हिरूचा चष्मा

आत्या मला न्यायला आली त्या दिवशी हिरूला ताप होता. नसता, तर कदाचित तीच गेली असती. आम्ही जुळ्या, आठ वर्षांच्या. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षीची गोष्ट. ठाण्याच्या खोपट भागात राहणाऱ्या आत्याला मूल नव्हतं. दोघींतली एक शिकवायला द्या, असं ती म्हणत होती. बाबा म्हणाले, "कुठलीपण ने. दोघी सारख्याच." हिरू ओट्यावर गोधडी पांघरून बसलेली. तिला फक्त एकच काळजी होती. "माझा हिरवा परकर नेऊ नको," ती म्हणाली.

आमचं गाव आंबिवली तसं लांब नव्हे, पण मी सुट्टीपुरतीच जाऊ लागले. ठाण्याच्या शाळेत बाईंच्या लक्षात आलं की मला फळ्यावरचं दिसत नाही. आत्याने चष्मा करून दिला आणि वर्गात माझा नंबर वर येऊ लागला. तिकडे हिरूला मास्तरांनी मंद ठरवलं. तिसरीतून काढून बाबांनी तिला शेतात घातलं. तिचं त्यावर काही म्हणणं होतं का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे मी मुंबईच्या कॉलेजात शिकत असताना आमच्या एक प्रोफेसरबाई जुळ्या भावंडांचा अभ्यास करत होत्या. माणसात जन्मातून काय येतं आणि घर काय घडवतं, हे त्यांना पाहायचं होतं. मी हिरूला घेऊन गेले. त्यांनी आमचे कान, बोटांचे ठसे, उंची, सगळं तपासलं. आम्ही दोघीही तोंडावर हात धरून हसतो, हे त्यांनीच दाखवलं. मग भिंतीवर चित्रांचे तक्ते लावून त्या प्रश्न विचारू लागल्या. हिरू पदराशी चाळा करत बसली.

"घाबरू नकोस, सुचेल ते सांग," बाई म्हणाल्या.

"सुचंल कसं? मना दिसतच नाय."

बाईंनी माझा चष्मा काढून तिच्या नाकावर ठेवला. ती बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिली. मग भराभर उत्तरं देत गेली, काही तर मला आधी न जमलेलीही.

परतताना ती म्हणाली, "म्हंजे मी मंद नव्हते." एवढंच. बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आम्हाला काय ठाऊक?" आणि उठून गुरांकडे गेले. हिरूने पुन्हा शाळेचं नाव काढलं नाही. चष्मा मात्र करून घेतला आणि शेताचे व्यवहार हातात घेतले.

लग्नानंतर मी डोंबिवलीला आले. आत्याचं घर केव्हाच सुटलं. आंबिवलीची माणसं पूर्वी आम्हाला चष्म्यावरून ओळखत. आता तोही उपयोग राहिला नाही. माहेरी जाताना तिथल्या स्टेशनातून बाहेर पडले की कुणीतरी बांधावरून ओरडतं, "हिरू, भात कापून झाला का गं?"

मी चूक दुरुस्त करत नाही. म्हणते, "थोडा राहिलाय."